गार्डाचा बिल्ला

गेणू रेल्वेच्या सांध्यावरची पाळी संपवून घरी आला तेव्हा इनायत कारकून ओट्यावर त्याची वाट बघत बसला होता, आणि त्याच्या मांडीवर बसून गार्ड त्याच्या सदऱ्याचं बटण चावत होता.

गार्ड म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. सहा महिन्यांचं, तांबूस, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. गाडीच्या शेवटच्या डब्यात पांढऱ्या कपड्यातला गार्ड उभा असतो, तसं ते दिसतं म्हणून दत्तोबानं त्याला हे नाव दिलं होतं. दत्तोबा हा गेणू आणि शालूबाईचा एकुलता एक मुलगा. लढाईचं चौथं वर्ष चालू होतं, आणि पोरगं कुणाला न विचारता पलटणीत नाव घालून आलं. येताना कामशेतच्या बाजारातून हे पिल्लू पिशवीत घालून आणलं. आठ दिवसांनी गेला तेव्हा त्यानं ते आईच्या ओटीत ठेवलं आणि म्हणाला, "मी येईस्तवर गार्डाला संभाळ." तेव्हापासून शालूबाई त्या पिल्लाला स्वतःच्या ताटातला दूधभात चारायची आणि ते जरा शिंकलं तरी हळदीचं पाणी करायची. आईबापांना पोराचं काही करता येत नव्हतं, म्हणून सगळं त्या कुत्र्याच्या वाट्याला येत होतं. लोक हसायचे. हसू देत.

"गेणूभाऊ, कमिटीचं ठरलं," इनायत म्हणाला. "येत्या सोमवारपासून."

कमिटी म्हणजे टेकडीवरच्या बंगलेवाल्यांची. लोणावळ्याच्या पुढं, घाट सुरू होतो तिथं वरच्या अंगाला मुंबईच्या शेठलोकांचे बंगले होते आणि खालच्या अंगाला रेल्वेच्या माणसांची चाळ. वरच्यांना हवा खायला यायचं असायचं, खालच्यांना पोटासाठी राहायचं असायचं. एरवी दोघांचा संबंध दूध, लाकूडफाटा आणि मोलकरणी एवढाच. पण भाद्रपदात एका बंगल्यातल्या मुलीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. मुलगी वाचली, पण शेठलोक हादरले आणि त्यांनी कमिटी काढली. रिकामं बसलेल्या माणसांना कमिटी सुचली की दुसऱ्यांची पंचाईत होते. ठराव झाला, की ज्या कुत्र्याच्या गळ्यात कमिटीचा पितळी बिल्ला नाही, ते दिसेल तिथं गोळी घालून मारायचं. त्या कामावर भिमाजीला बंदूक देऊन नेमलं.

इनायत त्या कमिटीचा कारकून. चांगला माणूस होता. चाळीतल्या निम्म्या लोकांची पत्रं तोच लिहायचा आणि वाचायचा, एक पैसा न घेता. त्यानंच कमिटीला गळ घालून ठरावाला एक शेपूट जोडून घेतलं होतं. वर्षाला दोन रुपये भरायचे. बिल्ला मिळणार, त्यावर नंबर. ढोरांचा डॉक्टर वर्षातून दोनदा कुत्र्याला फुकट बघणार. बिल्लेवालं कुत्रं चुकून गोळीनं मेलंच, तर मालकाला दहा रुपये भरपाई, आणि कुत्रं ज्याचं त्याच्या दारी आणून देणार. इनायत त्याला विमा म्हणायचा.

"कुत्र्याचा इमा!" गेणू म्हणाला. "आरं, आमचाच कुनी उतरला न्हाई आजवर."

"तुमची ती सायडिंग काय आहे मग? रेल्वेचा विमाच की."

हे खरं होतं. गेणू कॅच सायडिंगच्या सांध्यावर होता. घाट उतरणारी गाडी आवरेनाशी झाली तर दरीत न जाता बाजूच्या चढाच्या रुळावर चढून थांबावी, म्हणून तो फाटा ठेवलेला. सांधा नेहमी फाट्याकडे लावलेला असायचा. गाडी अलीकडे येऊन थांबायची, ड्रायव्हर शिट्टी द्यायचा, गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली की गेणू लीव्हर ओढायचा आणि तिला सरळ रुळावर घ्यायचा. मग शेवटचा डबा जाईपर्यंत लीव्हर सोडायचा नाही. मध्येच सुटला तर अर्धी गाडी इकडं आणि अर्धी तिकडं. एकोणीस वर्षांत त्याचा हात कधी सुटला नव्हता.

"पर आमचा सांधा गाडी वाचीवतो, इनायतभाई," तो म्हणाला. "तुमचा इमा मेल्यावर पैशे देनार."

"पैशांचं सोडा हो. गळ्यात बिल्ला दिसला की बंदूक उचलायचीच नाही, असं भिमाजीला सांगून ठेवलंय. खरा विमा तोच."

गेणूला पटलं. त्यानं दारात उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं, आणि त्याला कळलं की आता सगळं अडलं.

शालूबाईचा चेहरा पांढरा पडला होता.

"बिल्ला न्हाई घालायचा," ती म्हणाली. "गळ्यात न्हाई घालायचा. मेलं तरी चालंल."

असं बोलून ती स्वतःच दचकली, पिल्लाला इनायतच्या मांडीवरून ओढून घेऊन आत गेली आणि दार लोटून बसली.

तिचं म्हणणं गेणूला ठाऊक होतं. ती वडिवळ्याची. तिचा थोरला भाऊ हौशीराम पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. तो परत आला नाही. डाकेनं एक शिवलेली फडक्याची पुडी आली, आणि तिच्यात पत्र्याचा एक गोल तुकडा. त्यावर नंबर होता आणि इंग्रजीत नाव. गावच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, की हा तुमच्या हौशीरामच्या गळ्यातला. आता मावळातल्या घरांत मेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. धातूचा पत्रा, त्यावर उठवलेलं माणूस. शालूबाईच्या आईला वेगळा टाक करायची गरजच पडली नाही. सरकारनं तो तयार करूनच पाठवला होता. तिनं तो पत्रा हळद लावून देवात बसवला, आणि शालूबाई लग्न होईपर्यंत रोज त्याला आंघोळ घालत होती. म्हणून तिच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. धातूच्या तुकड्यावर खूण घालून तो जित्या माणसाच्या गळ्यात अडकवणं म्हणजे त्याचा टाक आधीच घडवून ठेवणं. मग मरणाला फक्त यायचं बाकी राहतं.

आणि ती तेवढ्यावर थांबली नव्हती. दत्तोबाचं पलटणीतून पहिलं पत्र आलं, त्यात त्यानं हौसेनं लिहिलं होतं की आम्हा सगळ्यांना गळ्यात घालायला बिल्ले मिळाले. ते ऐकून ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी इनायतला बसवून तिनं पत्र लिहायला लावलं. तुझ्या मामाचं ध्यानात आण. आईची शपथ आहे. तो बिल्ला गळ्यातून काढ आणि पेटीत ठेव. इनायतची लेखणी थांबली होती. तो गेणूकडं बघत होता. गेणूनं मान खाली घातली. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: 'आईचं ऐकलं. साहेब तपासणीला येतो तेव्हा घालतो, एरवी बिल्ला पेटीत असतो. गार्ड कसा आहे?'

त्या दिवशी शालूबाईनं चाळीत गूळ वाटला होता.

त्याच संध्याकाळी इनायत नळापाशी गेणूला एकटं गाठून म्हणाला होता, "गेणूभाऊ, बिल्ल्यानं माणूस मरत नाही. मेला तर कोण मेला ते कळावं म्हणून असतो तो. नसला तर…" पुढं त्याला बोलवेना. गेणूला सगळं कळलं होतं. पण घरी जाऊन बायकोला ते सांगायचं म्हणजे पोरगं मरेल हे तोंडानं बोलायचं. त्याच्याच्यानं ते झालं नाही. हातात लोखंडाचा लीव्हर असला की हा माणूस डोंगरासारखा उभा राहायचा, पण घरात बायकोपुढं एक शब्द सरळ काढायचा म्हणजे त्याच्या जिभेला गाठ पडायची.

आता कुत्र्यावरून तेच.

रविवारपर्यंत त्यानं शंभरदा ठरवलं आणि शंभरदा मोडलं. बिल्ला घ्यावा तर बायको अन्नपाणी सोडेल. न घ्यावा तर सोमवारी भिमाजी बंदूक घेऊन निघणार. पिल्लू गावी, आंदर मावळात चुलत्याकडं पाठवावं म्हटलं तर तिथं बिबट्या कुत्री उचलून नेतो. शालूबाईलाही काही सुचत नव्हतं. ती पिल्लाला मांडीवर घेऊन नुसती बसायची. मध्येच म्हणायची, "दोराला बांधून ठिवू. भाईर सोडायचंच न्हाई." आणि पिल्लू तेवढ्यात दोर कुरतडून चाळीच्या टोकाला जाऊन पोचायचं.

शेवटी रविवारी दुपारी तिनंच तोडगा काढला.

"बिल्ला घ्या," ती म्हणाली. "पर त्येच्या गळ्यात न्हाई. तुमच्या खिशात ठिवा. कुत्रं तुमच्यासंगं सांध्यावर न्यायाचं आन् संगंच आनायचं. कुनी इचारलं तर खिशातनं काडून दावायचा. कुत्रं बी संगं, बिल्ला बी संगं. मग झालं की."

गेणूला हे इतकं बरं वाटलं, की त्याला त्यात काही खोट दिसली नाही. खरं म्हणजे त्याला खोट बघायचीच नव्हती. घरातलं भांडण मिटलं होतं. त्यानं इनायतकडून बिल्ला आणला. पितळेचा, रुपयाएवढा, वर एकेचाळीस आकडा. इनायत म्हणाला, "गळ्यातच घाला हं." गेणू म्हणाला, "व्हय, व्हय." कोटाच्या आतल्या खिशात तो टाकून वर त्यानं टाचणी लावली, कारण वस्तू दोन रुपयांची होती आणि हरवली असती तर पंचाईत.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. गार्ड सकाळी गेणूबरोबर सांध्यावर जायचा, खोपटाच्या खांबाला सुंभाच्या दोरीनं बांधून घ्यायचा, गाडी आली की भुंकायचा, गेली की झोपायचा. ड्रायव्हर लोक त्याला ओळखायला लागले. एक जण तर खिडकीतून त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा. भिमाजी आठवड्यातून दोनदा बंदूक घेऊन फिरायचा, पण रुळांच्या बाजूला तो आला नव्हता. शालूबाई संध्याकाळी दारात उभी असायची. आधी कुत्र्याकडं बघायची, मग नवऱ्याच्या खिशावर हात ठेवून बिल्ला चाचपायची, आणि मग चहा टाकायची.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार. सकाळचे दहा वाजले असतील. घाट उतरणारी मिलिटरीची खास गाडी येणार असल्याची वर्दी आली होती. गाडी आली, अलीकडे थांबली. ड्रायव्हरनं शिट्टी दिली. गेणूनं एका हातानं लीव्हर ओढून धरला, दुसऱ्या हातानं हिरवं निशाण दाखवलं. गाडी हळूहळू सुटली. गेणूनं सवयीनं खोपटाच्या खांबाकडं नजर टाकली. खांबाला दोरीचा तुकडा लोंबत होता.

गार्ड रुळांच्या पलीकडं होता. पलीकडच्या उतारावर, वाळल्या गवतात, तो काहीतरी खात होता. त्याच्यापासून वीस पावलांवर भिमाजी उभा होता. भिमाजी मटणाचे तुकडे टाकून कुत्री जवळ बोलवायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"भिमाजी!" गेणू ओरडला. "आरं माजा हाय! माजा हाय त्यो!"

इंजिनाची घरघर मध्ये होती. भिमाजीनं ऐकलं नाही. त्यानं वाकून पिल्लाच्या गळ्याकडं बघितलं. त्याचं काम तो नीट करत होता. गळ्यात सुंभाचा तुटका तुकडा होता, बाकी काही नव्हतं.

लीव्हर सोडता येत नव्हता. निशाण खाली घेता येत नव्हतं. लाल निशाण कमरेला खोचलेलं होतं. ते एकदा दाखवलं की गाडी थांबली असती, आणि ते गेणूच्या मनात आलं नाही असं नाही. पण उतारावर सुटलेली फौजेची गाडी, आत सात-आठशे पोरं, आणि थांबवायची कशासाठी? कुत्र्यासाठी? त्याचा हात तिकडं गेलाच नाही. इंजिन पुढं निघून गेलं तेव्हा त्यानं निशाण टाकलं आणि आतल्या खिशात हात घातला. टाचणी निघेना. बोटात घुसली. त्यानं खिसा फाडला, बिल्ला काढला आणि हात उंच करून धरला.

तोवर त्याच्या आणि भिमाजीच्या मध्ये डबे धावायला लागले होते.

प्रत्येक डब्याच्या खिडक्यांतून पोरं बाहेर वाकली होती. दत्तोबाच्या वयाची, खाकी कपड्यातली, मिसरूड फुटलेली. हा म्हातारा एक हात वर करून काहीतरी चमकतं दाखवतोय, तो आपल्याला निरोप देतोय, असं त्यांना वाटलं. ती हसून हात हलवायला लागली. कुणी तरी "रामराम मामा!" म्हणून ओरडलं. दोन डब्यांच्या मधल्या फटीतून गेणूला गार्ड दिसला. खाणं संपवून तो बसला होता आणि भिमाजीकडं बघून शेपूट हलवत होता. माणसाच्या हातून आजवर त्याला वाईट काही मिळालंच नव्हतं. पुढच्या फटीत बंदूक वर उचललेली दिसली. त्याच्या पुढच्या फटीत नुसतं गवत. बार गेणूला ऐकूही आला नाही. पोरं हात हलवत होती, आणि तो बिल्ला धरून तसाच उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लीव्हर धरलेला हात जागचा हलला नव्हता.

शेवटचा डबा गेला. त्यानं सांधा परत फाट्याकडं लावला आणि रूळ ओलांडून धावला.

भिमाजीची माणसं हातगाडी ढकलत निघाली होती. गाडीवर गोणपाट टाकलेलं होतं. गेणूनं बिल्ला पुढं केला. भिमाजीनं तो घेतला, उलटसुलट करून बघितला आणि मुंडासं मागं सरकवलं.

"तुमचा व्हता व्हय, गेणूभाऊ?" तो म्हणाला. "पर गळ्यात काय बी नव्हतं ओ. मी वाकून बघितलं. दोनदा बघितलं." मग बिल्ला परत देत हलक्या आवाजात म्हणाला, "हितं खिशात ठिवून त्येला काय उपेग?"

गेणूला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग यायला जागाच नव्हती. तो गोणपाट उचलायला वाकला, तेवढ्यात वरच्या अंगाला शिट्टी झाली. मालगाडी येऊन थांबली होती. सांधा सोडून जाता येत नव्हतं. तो मागं फिरला.

पाळी संपल्यावर तो कमिटीच्या खड्ड्यावर गेला. टेकडीच्या मागं खड्डा होता. चुना टाकून तो वरपर्यंत बुजवला होता. इनायत तिथंच उभा होता, कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो म्हणाला, बिल्ला गळ्यात नव्हता, तेव्हा भरपाई मिळणार नाही. मग घाईनं म्हणाला, मी भांडून बघतो. मग म्हणाला, बिल्ला वर्षभर चालतो, दुसरं पिल्लू आणता येईल. आणि हे सगळं आपण का बोलतोय ते त्याचं त्यालाच कळेना.

शालूबाई दारात होती. तिनं आधी नवऱ्याच्या पायांमागं बघितलं. मग त्याच्या फाटलेल्या खिशाकडं बघितलं. गेणूनं सांगितलं. जेवढं घडलं तेवढं सगळं सांगितलं, डब्यातली पोरं सोडून.

ती रडली नाही. तिनं विचारलं, "कुटं पुरला?"

"खड्ड्यात."

"त्येची जागा कंची? म्या येत्ये. दोन फुलं तरी टाकीन."

"जागा न्हाई." गेणूला हे सांगणं भाग होतं. "चौदा व्हती आज. ज्येंच्या गळ्यात बिल्ला न्हाई, ती समदी येकाच खड्ड्यात. वरनं चुना. कंचं कुनाचं, कुनाला ठावं न्हाई."

शालूबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यानं गेणूला भीती वाटली. तिच्या मनात आता जे येत होतं, ते नळापाशी इनायतनं त्याला सांगितलं होतं आणि त्यानं इतके दिवस तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः जाऊन इनायतला बोलावून आणलं. त्याच्यापुढं कागद ठेवला, आणि हात मांडीत घट्ट आवळून बसली.

"लिवा," ती म्हणाली. "बिल्ला गळ्यात घाल. आत्ताच्या आत्ता घाल. आंघुळीला बी काढू नको. आईची शपथ म्या काढून घेतली म्हनावं. समदी शपथ काढून घेतली. लिवलं?"

"लिहिलं, वहिनी."

"परत लिवा. दोनदा लिवा."

इनायतनं दोनदा लिहिलं. मग लेखणी थांबवून विचारलं, "आणि गार्डाचं? प्रत्येक पत्रात विचारतो तो."

गेणू भिंतीला टेकून उभा होता. शेवटी शालूबाईच म्हणाली, "बरा हाय म्हनून लिवा. मोठा झालाय म्हनावं."

इनायतनं तेही लिहिलं. कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, वर पलटणीचा लांबलचक पत्ता घातला. त्यात गावाचं नाव नव्हतंच. पोरगं नक्की कुठल्या मुलखात आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कवा पोचंल?" शालूबाईनं विचारलं.

"आजच टाकतो. दोन महिने धरा. कधी तीनही लागतात."

"आन् तवर?"

इनायतनं गेणूकडं बघितलं. गेणूच्या मुठीत अजून तो एकेचाळीस नंबरचा बिल्ला होता. तो खाली ठेवायला त्याला घरात जागा सापडत नव्हती. खाली रुळांवर मुंबईकडं जाणारी गाडी येऊन थांबली आणि तिनं शिट्टी दिली. पाळीवर दुसरा माणूस होता, तरी गेणूचा हात आपोआप लीव्हर ओढल्यासारखा वर आला.

"आन् तवर, अवो?" शालूबाईनं परत विचारलं.